‘लंडन कॉलिंग’ची दृश्यशैली : एका दृश्यनिबंधाच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२४

आजपासून या प्रकल्पाच्या नोंदी लिहून ठेवायचे ठरवले आहे. विषय आहे ‘द क्लॅश’ या लंडनच्या पंक रॉक बँडने गायलेल्या ‘लंडन कॉलिंग’ या गाण्याचा व्हिडिओ. दिग्दर्शक डॉन लेट्स यांनी तो डिसेंबर १९७९च्या सुरुवातीला, थेम्स नदीच्या काठी, बॅटरसी पार्कलगत अल्बर्ट पुलाजवळच्या धक्क्यावर, थंडीपावसाच्या एका रात्रीत चित्रित केला. त्याच्या दृश्यशैलीवर मराठी निवेदन असलेला सुमारे बारा मिनिटांचा दृश्यनिबंध तयार करायचा आहे. कॅमेरा आणि प्रकाशयोजना माझी सहकारी पाहील. संशोधन, निवेदन आणि संकलन माझ्याकडे आहे. आम्ही दोघेही सध्या लंडनमध्येच शिकत असल्यामुळे जागा प्रत्यक्ष पाहता येईल, आणि हाच व्हिडिओ निवडण्याचे ते एक कारण आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पंकची दृश्यशैली म्हटले की वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेली अक्षरे, ओरखडे पडलेली फिल्म, मुद्दाम हलवलेला कॅमेरा आणि भडक रंग एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते, आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्येही ‘पंक’ या नावाखाली हेच तयार साचे मिळतात. पंकचा सर्वांत ओळखीचा म्हणता येईल असा हा व्हिडिओ मात्र यांपैकी कशावरही उभा नाही. रात्र, पाऊस, काळे ओव्हरकोट घातलेली चार माणसे आणि त्यांच्या मागे नदीचा अंधार, एवढीच त्याची सामग्री आहे. हे रूप जागेने, हवामानाने, पाण्याने आणि त्या काळच्या फिल्मच्या मर्यादेने घडवले, आणि दिग्दर्शकाने त्यांपैकी काहीही झाकले नाही, असे माझे म्हणणे आहे. निबंधात ते नुसते सांगून भागणार नाही, तर प्रयोगाने दाखवावे लागेल.

५ नोव्हेंबर २०२४

पार्श्वभूमीचा भाग लिहून झाला. निवेदनात तो दीड मिनिटापेक्षा जास्त नसावा, पण येथे सविस्तर नोंदवतो.

१९७९ साली गाण्यासाठी छोटी फिल्म करणे ही नवी गोष्ट राहिलेली नव्हती. १९७५ मध्ये ‘क्वीन’च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची फिल्म ब्रूस गॉवर्स यांनी केली होती आणि तिच्या यशानंतर रेकॉर्ड कंपन्या अशा प्रचारफिल्मांकडे गांभीर्याने पाहू लागल्या होत्या. एमटीव्ही वाहिनी मात्र १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली, म्हणजे आमचा व्हिडिओ झाला तेव्हा संगीत व्हिडिओचे व्याकरण अजून पक्के झालेले नव्हते. ब्रिटनमध्ये गाणे घरोघर पोहोचवण्याची हमखास वाट म्हणजे बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा कार्यक्रम, आणि क्लॅशने त्यात येऊन पूर्वमुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलवण्यास ठाम नकार दिलेला होता. स्टुडिओतल्या झगमगाटात उभे राहायचे नसेल, तर स्वतःचे चित्र स्वतः तयार करणे भागच होते. त्यामुळे धक्क्यावरच्या त्या अंधाराला मी स्टुडिओला दिलेले उत्तर मानतो.

डॉन लेट्स लंडनमध्ये जन्मलेले, जमैकन आईवडिलांचे चिरंजीव. १९७७ मध्ये कॉव्हेंट गार्डनमधल्या ‘रॉक्सी’ या क्लबात ते रेकॉर्ड लावत. पंकच्या रेकॉर्ड अजून फारशा निघालेल्याच नसल्यामुळे दोन बँडांच्या मधल्या वेळेत ते रेगे हे जमैकन संगीत लावत, आणि पंकच्या श्रोत्यांना रेगेची गोडी लागली ती बरीचशी तिथूनच. त्याच क्लबात त्यांनी सुपर-८ या छोट्या हौशी फिल्म कॅमेऱ्याने बँडांचे चित्रीकरण केले आणि त्यातून ‘द पंक रॉक मूव्ही’ तयार झाली. अरुंद जागा, मिळेल तो उजेड आणि चालू कार्यक्रम, अशा परिस्थितीत त्यांचा हात बसला होता. धक्क्यावर आले तेव्हा लेट्स चित्रपटशाळेतून नव्हे, तर त्या तळघरातून आलेले होते, आणि समोरचे माणूस जे करते आहे ते न थांबवता टिपायचे ही सवय त्यांनी सोबत आणली होती.

९ नोव्हेंबर २०२४

कपड्यांवरचे टिपण. हा भाग आधी लहान ठेवायचा विचार होता, पण साहित्य पाहिल्यावर तो वाढवावा लागेल असे दिसते.

१९७६ मध्ये क्लॅशचे सभासद जॅक्सन पोलॉकच्या चित्रांसारखे रंग उडवलेले शर्ट आणि स्टेन्सिलने अक्षरे छापलेले कपडे घालत. गायक जो स्ट्रमर आणि बेसवादक पॉल सिमोनन दोघेही कलाशाळेत काही काळ शिकलेले होते, तेव्हा या गोष्टी त्यांनी नजरचुकीने केलेल्या नव्हत्या. तीन वर्षांनी, धक्क्यावरच्या रात्री, अंगावर जवळजवळ सगळे काळे आणि गडद आहे. लांब ओव्हरकोट, हॅट, मागे वळवलेले केस असा हा पन्नाशीच्या दशकातील रॉक अँड रोलकडे आणि जुन्या गुन्हेपटांकडे पाहणारा वेश आहे. पंक म्हणजे जुने सगळे जाळून टाकणे, असे १९७७ मध्ये म्हटले जात होते, आणि १९७९ मध्ये हाच बँड जुन्याकडे उघडपणे परतलेला दिसतो.

हे गाणे ज्यात आहे त्या ‘लंडन कॉलिंग’ याच नावाच्या अल्बमच्या मुखपृष्ठावरही तेच घडले आहे. व्यंगचित्रकार रे लोरी यांनी गुलाबी आणि हिरव्या अक्षरांची मांडणी एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ सालच्या पहिल्या अल्बमवरून उघड उघड घेतली. छायाचित्र पेनी स्मिथ यांचे आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियम सभागृहात सिमोनन आपली बेस गिटार रंगमंचावर आपटत असताना त्यांनी ते टिपले. सिमोनन अंगावर येत असल्यामुळे त्या मागे सरकत होत्या, आणि चित्राचा फोकस नीट लागलेला नाही. हे चित्र वापरू नये असे स्वतः स्मिथ यांचे मत होते, पण स्ट्रमर आणि लोरी यांनी ते उचलून धरले. तांत्रिकदृष्ट्या सदोष चित्र हेच त्या क्षणाचे खरे चित्र आहे, हा निर्णय व्हिडिओच्या काही आठवडे आधीच या मंडळींनी एकदा घेतलेला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. निबंधात मुखपृष्ठ आणि धक्का हे एकापाठोपाठ ठेवायचे.

प्रकाशयोजनेच्या दृष्टीने काळ्या कपड्यांचा परिणाम सरळ आहे. काळे कापड आणि काळे आकाश एकमेकांत मिसळतात, शरीराची कड हरवते, आणि फ्रेममध्ये उजळ असे चेहरा, हात आणि गिटारच्या तारांवरची चमक एवढेच उरते. रंगीत फिल्म असूनही व्हिडिओ जवळजवळ एकरंगी वाटतो तो यामुळे.

१३ नोव्हेंबर २०२४

आजचा दिवस हिशेबाचा होता. रात्रीच्या चित्रीकरणाचे आजचे निकष १९७९ला लावले तर सगळेच चुकीचे समजते, म्हणून सहकारीने त्या काळच्या फिल्मचे गणित मांडले.

त्या वर्षी प्रचलित असलेली ईस्टमनची रंगीत नेगेटिव्ह, म्हणजे ५२४७ या क्रमांकाची, १०० एएसए वेगाची होती (एएसए हे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप). तिच्याहून बरीच वेगवान अशी २५० एएसएची ५२९३ बाजारात आली ती १९८२ मध्ये. छायालेखकांचा जुना ठोकताळा असा की १०० एएसए, शटर सेकंदाचा पन्नासावा भाग आणि लेन्सचे छिद्र एफ २.८ असेल, तर विषयावर १०० फूट-कँडल (उजेडाचे एक माप) एवढा उजेड लागतो. छिद्र एफ २पर्यंत उघडले तर ५० फूट-कँडल, म्हणजे सुमारे ५४० लक्स. रस्त्यावरच्या दिव्याखाली आपल्याला मिळतो तो उजेड साधारण दहा लक्स. दोहोंत साडेपाच स्टॉपहून अधिक अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आजचा डिजिटल कॅमेरा हे अंतर मुकाट्याने भरून काढतो, पण तेव्हाच्या फिल्मवर रस्त्याच्या दिव्यांत फक्त दिव्यांचे ठिपके उमटले असते.

याचा अर्थ असा की नदीकाठी रात्री रंगीत फिल्मवर माणसे दिसायची असतील तर मोठे दिवे आणून एका मर्यादित जागेवर रोखावे लागत, आणि त्या जागेच्या बाहेरचे सर्व काही काळे पडे. धक्का उजळतो आणि शहर नाहीसे होते ते याच कारणाने. मधला राखाडी पट्टा मिळतच नाही. आजच्या व्हिडिओंमध्ये मागे गगनचुंबी इमारतींची सुंदर धूसर रांग दिसते, तशी इथे दिसणे शक्यच नव्हते, आणि ज्या गाण्यात शहर बुडण्याची भीती आहे त्या गाण्याला ही न दिसणारी पार्श्वभूमी नेमकी जुळली.

त्या भीतीबद्दल निवेदनात दोन वाक्ये हवीत. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला होता, आणि गाण्यातला अणुगोंधळाचा उल्लेख त्या वर्षीच्या हवेतूनच आलेला आहे. लंडनला पुरापासून वाचवण्यासाठी थेम्सवर बांधले जात असलेले अडथळ्याचे दरवाजे तेव्हा अपूर्ण होते आणि ते १९८२ मध्ये वापरात आले. म्हणजे व्हिडिओतली नदी शहराला खरोखरच धोकादायक असलेली नदी आहे. गाण्याच्या शेवटी गिटारमधून मोर्स लिपीत एसओएस ही मदतीची हाक वाजते, आणि ते पाण्याच्या काठी वाजते हे विसरून चालणार नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

आज दोघेही बॅटरसी पार्कला गेलो. परवाच पौर्णिमा झाली, त्यामुळे मोठे उधाण पाहायला मिळेल या हिशेबाने दिवस निवडला होता. सहकारी रत्नागिरीची असल्यामुळे भरती-ओहोटीच्या गोष्टी तिला समजावून सांगाव्या लागत नाहीत. उलट समुद्रापासून इतक्या आत, शहराच्या मध्यभागी असे उधाण पाहून तीच चकित झाली. लंडन पुलापाशी उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सहा ते सात मीटरचा फरक पडतो, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यापेक्षाही जास्त. भरतीचे पाणी बॅटरसीच्याही वर, टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत जाते. नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते, असे म्हटले तरी चालेल.

दुपार उलटल्यावर पाणी उतरू लागले. काठाच्या दगडी भिंतीवर आधी फक्त एक ओला पट्टा दिसला, मग शेवाळाची हिरवी रेघ, मग साखळ्या, आणि अंधार पडेपर्यंत भिंतीच्या पायथ्याशी गोटे आणि चिखल उघडा पडला होता. मधल्या प्रवाहात वाहत आलेली एक फळी आम्ही नजरेने धरून ठेवली, तर तिच्याबरोबर राहण्यासाठी काठावरून जवळजवळ धावावे लागले.

हे सर्व पाहण्याचे कारण लेट्स यांनीच पुढे मुलाखतींत सांगितलेली हकीकत आहे. त्यांना पोहता येत नव्हते आणि थेम्सला भरती-ओहोटी असते हेही त्यांच्या ध्यानात नव्हते. कॅमेरे होडीत ठेवले होते. ओहोटीमुळे ते धक्क्याच्या मानाने सुमारे पंधरा फूट खाली गेले, होडी जागेवर राहीना, प्रवाह तिला काठापासून दूर ओढू लागला, आणि त्यात पाऊस सुरू झाला. हकीकत मनोरंजक आहे आणि म्हणून ती सगळीकडे सांगितली जाते, पण तिचा दृश्यावर नेमका काय परिणाम झाला हे क्वचितच कोणी पाहते.

आम्ही काठावरच्या पायऱ्यांवरून ते तपासले. उभ्या माणसाकडे दहा मीटर अंतरावरून पाहिले आणि नंतर त्याच लेन्सने पंधरा मीटरवरून पाहिले, तर तो फ्रेममध्ये एक तृतीयांशाने लहान होतो आणि मोकळी झालेली जागा अंधार घेतो. कॅमेरा खाली असेल तर माणसाच्या मागे जमीन येत नाही, आकाश येते, आणि रात्री आकाश म्हणजे निव्वळ काळोख. म्हणजे दूर जाणारी आणि खाली गेलेली होडी या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात. बँड लहान, उंचावर आणि एकाकी होत जातो. झूम करून किंवा क्रेन लावून हाच परिणाम साधता आला असता, पण झूममध्ये एक सफाईदार ठामपणा असतो, तर होडीचे सरकणे अनिश्चित आहे. प्रेक्षकाला कारण माहीत नसले तरी पायाखाली पाणी आहे हे त्याला जाणवते.

पुलाबद्दल एक सावधगिरी. १८७३ साली उघडलेल्या अल्बर्ट पुलाचा आजचा गुलाबी, निळा, हिरवा रंग आणि हजारो दिव्यांची सध्याची रोषणाई १९९२च्या दुरुस्तीतली आहे. आजचा रात्रीचा पूल निबंधात दाखवला तर तो १९७९चाच वाटेल, म्हणून पूल फक्त दिवसा, ढगाळ उजेडात चित्रित केला.

३० नोव्हेंबर २०२४

पावसाचा प्रयोग पूर्ण झाला. आमच्या इमारतीच्या मागच्या फरसबंदी चौकात, बागेला पाणी द्यायचा पाइप उंच स्टँडवर बांधून, काळा कोट घातलेल्या एका मित्राला गिटार देऊन उभे केले. आधी दिवा कॅमेऱ्याच्या बाजूने लावला. पाऊस जवळजवळ दिसलाच नाही, मित्र नुसता भिजलेला दिसत होता. मग तोच दिवा त्याच्या मागे, थोडा डावीकडे आणि डोक्याच्या वर नेला, आणि प्रत्येक थेंब उजळून निघाला. पाण्याचा थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतो, त्यामुळे दिवा आणि कॅमेरा थेंबाच्या दोन विरुद्ध बाजूंना असतील तेव्हाच तो ठळक दिसतो, हे पुस्तकात वाचलेले असते, पण चौकात उभे राहून दिवा उचलून नेताना ते ज्या क्षणी घडते तो क्षण निबंधात असाच, न कापता ठेवणार आहे.

दुसरे निरीक्षण रेघांचे. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, ताशी साधारण बावीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला सहा मीटर वेगाने पडणारा थेंब बारा सेंटिमीटर अंतर कापतो. म्हणून चित्रात थेंब दिसत नाही, साधारण अर्ध्या वितीएवढी तिरकी पांढरी रेघ दिसते. शटरचा वेळ आम्ही पाचशेव्या भागापर्यंत कमी केला तेव्हा तोच पाऊस मण्यांसारखा गोल, स्वच्छ आणि शोभेचा झाला. जाहिरातींमध्ये शोभला असता, पण इथे तो साफ निरुपयोगी होता. व्हिडिओत फिल्मवर उमटलेले ओरखडे नाहीत असे मी पहिल्या नोंदीत म्हटले होते, परंतु या पांढऱ्या रेघा फ्रेमभर तेच काम करतात, आणि त्या समोरच्या हवेत खरोखर आहेत.

ओल्या फरशीने तिसरी गोष्ट दाखवली. कोरडी फरशी प्रकाश गिळत होती, ओली होताच तिच्यात मागच्या दिव्याचा लांब पट्टा पडला आणि माणसाच्या पायांची काळी कड त्यावर उठून दिसली. धक्क्यावर जे आयते मिळाले, ते मिळवण्यासाठी आजही चित्रीकरणापूर्वी रस्ते टँकरने भिजवले जातात.

४ डिसेंबर २०२४

संकलन. गाण्याची चाल मिनिटाला साधारण १३४ ठोके अशी आहे, म्हणजे सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर एका ठोक्याला सुमारे अकरा फ्रेम येतात. गिटार प्रत्येक ठोक्यावर तुटक, खालच्या दिशेने मारलेली आहे आणि ती जवळजवळ लष्करी संचलनासारखी चालते. संकलकाला प्रत्येक ठोक्यावर कापण्याचा मोह व्हावा अशीच ही रचना आहे. मी तसे करून पाहिले, चौकातले आमचेच चित्रण वापरून. परिणाम चटपटीत झाला, पण मित्र गिटार वाजवतो आहे यावरचा विश्वास उडाला, कारण त्याचा एकही आघात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला मिळत नव्हता.

मूळ व्हिडिओ याबाबतीत संयमी आहे. स्ट्रमर यांचा मायक्रोफोनपाशी आलेला चेहरा पुरेसा वेळ समोर राहतो, ओळ पूर्ण होते, भिजलेले केस आणि ताणलेली मान दिसते. हे पूर्वमुद्रित गाण्यावर केलेले चित्रीकरण आहे, आवाज त्या रात्रीचा नाही. पण थंडी आणि पाऊस खरे असल्यामुळे शरीराचे श्रम खरे आहेत. ज्या बँडने टीव्हीच्या स्टुडिओत ओठ हलवण्यास नकार दिला, तोच बँड इथे ओठ हलवतो आणि ते खटकत नाही, याचे उत्तर मला या श्रमांतच दिसते. स्वतः लेट्स यांनीही बँड आपले काम जीव तोडून करत होता, एवढेच व्हिडिओला पुरेसे होते, अशा अर्थाचे म्हटले आहे.

८ डिसेंबर २०२४

तुलनेसाठी क्लॅशच्याच ‘रॉक द कॅस्बा’ या गाण्याच्या व्हिडिओचा एक मिनिटाचा भाग जोडला. दिग्दर्शक तेच, साल १९८२, जागा टेक्सासमधले ऑस्टिन. तिथे लख्ख ऊन आहे, तेलविहिरीचा पंप आहे, विनोदी कथानक आहे आणि रस्त्यात फिरणारा आर्माडिलो हा कवचधारी प्राणीही आहे. ढोलांवर ‘लंडन कॉलिंग’च्या वेळचे टॉपर हेडन यांच्याऐवजी टेरी चाइम्स आहेत. एमटीव्हीचा काळ सुरू झालेला आहे हे प्रत्येक फ्रेममध्ये कळते. तो व्हिडिओ मला आवडतो. पण लेट्स यांची ‘शैली’ म्हणून अंधार, पाऊस आणि काळे कोट असे काही पक्के ठरलेले नव्हते, हे सिद्ध करण्यासाठी तो हाताशी असणे फार उपयोगाचे आहे. दोन्हीकडे समान आहे ते एवढेच की बँडला एका उघड्या, खऱ्या जागी वाद्यांसह उभे केले आहे आणि तिथली हवा चित्रात येऊ दिली आहे.

१४ डिसेंबर २०२४

अल्बम ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला त्याला आज बरोबर पंचेचाळीस वर्षे झाली. शेवटची रंगसंगती आज पक्की केली.

चौकातल्या चित्रणावर फिल्मचा कृत्रिम ग्रेन, म्हणजे चित्रावरचा रवाळपणा, चढवायचा की नाही, यावर सहकारीशी बरीच चर्चा झाली. ग्रेन नसेल तर मूळ व्हिडिओचे तुकडे आणि आमचे तुकडे शेजारी विसंगत दिसतील, असे तिचे म्हणणे होते, आणि नुसत्या डोळ्यांना ते पटणारे आहे. परंतु हा निबंध ज्याच्या विरोधात उभा आहे तेच त्यात वापरणे मला मान्य नव्हते. शेवटी असे ठरले की ग्रेन अजिबात चढवायचा नाही, त्याऐवजी सावल्या उचलून न दाखवता पूर्ण काळ्या राहू द्यायच्या आणि चेहऱ्यावरचा उजळ भाग थोडा जळू द्यायचा, म्हणजे १०० एएसएच्या फिल्मला जेवढा पल्ला मिळाला असता तेवढ्यातच चित्र बसवायचे. तसे केल्यावर दोन्ही तुकडे एकमेकांशेजारी नीट बसले आणि तिचीही हरकत राहिली नाही.

निवेदनाचे ध्वनिमुद्रण पुढच्या आठवड्यात. होडीचा भाग मुखपृष्ठानंतर लगेच घ्यायचा, फिल्मच्या वेगाचे गणित त्याच्या मागे, आणि चौकातला दिवा उचलून नेण्याचा सलग शॉट सर्वांत मोठा ठेवायचा. त्या शॉटवर निवेदन नको, पाइपच्या पाण्याचा आवाज तेवढा राहू द्यावा.